एप्रिलची रोजनिशी

आपल्या पंचांगांत वसंत म्हणजे चैत्र व वैशाख. ऊन दिवसेंदिवस चढत जातें, आणि एखाद्या दुपारीं वळीव कोसळला तर त्याची गोष्ट आठवडाभर पुरते. इंग्लंडांतील वसंताची जात निराळी. तेथें एप्रिलांत सकाळीं स्वच्छ ऊन, दोन प्रहरीं सर, तिच्यामागून गारा, सायंकाळीं निवळलेलें आकाश, आणि क्वचित् रात्रीं हिमसुद्धां, असा एकाच दिवसाचा क्रम असूं शकतो. ह्याचें कारण साधें आहे. हिवाळ्यांत थंड झालेला समुद्र एप्रिलांतहि थंडच असतो. सूर्य मात्र बराच वर आलेला असतो व जमीन त्वरेनें तापते. उत्तरेकडील थंड हवा ह्या तापलेल्या जमिनीवर आली कीं तिचा खालचा थर हलका होऊन वर उसळतो, त्याचे ढग होतात, आणि घटकाभरांत सर येऊन जाते. ऊन कललें कीं ढगहि विरतात.

अशा लहरी हवेची रोजच्या रोज नोंद ठेवण्याचा छंद त्या देशांत फार जुना आहे. लिंकनशायर परगण्यांतील ड्रिबी गांवचा धर्मोपदेशक विल्यम मर्ल ह्यानें १३३७ च्या जानेवारीपासून सात वर्षें हवेचें टिपण लॅटिन भाषेंत लिहून ठेवलें. त्या काळीं उष्णतामापक नव्हता, वायुभारमापक नव्हता. वारा, पाऊस, दंव, गडगडाट, जें दिसलें व ऐकूं आलें तें त्यानें लिहिलें. युरोपांत ह्या प्रकारचें हें पहिलें ज्ञात टिपण समजतात. १८९१ सालीं सायमन्स ह्या पर्जन्यसंशोधकानें छापून काढीपर्यंत साडेपांचशें वर्षें तें हस्तलिखितच राहिलें!

ह्या जुन्या नोंदी वाचतांना तारखांकडे लक्ष ठेवावें लागतें. इंग्लंडनें १७५२ सालीं आपलें कॅलेंडर सुधारलें आणि त्या सप्टेंबरांतील अकरा दिवस गाळून टाकले. त्यापूर्वीचा एप्रिल हा आजचा एप्रिल नव्हे. अधिक मासाची सवय असलेल्या आपल्या लोकांस ह्यांत विशेष नवल वाटूं नये.

मर्लनंतर सव्वातीनशें वर्षांनीं, १६६३ मध्यें, रॉबर्ट हूक ह्यानें रॉयल सोसायटीपुढें हवेच्या नोंदीची एक पद्धति मांडली. वारा, उष्णता, आर्द्रता, वायुभार व आकाशाचें स्वरूप ह्यांना त्यांत निरनिराळे रकाने होते. आकाशासाठीं त्यानें कांहीं शब्दहि सुचविले, पण ते रूढ झाले नाहींत. जो तो आपल्या मनाप्रमाणें ढगांचें वर्णन करीत राहिला.

खरी गोडी आहे ती अठराव्या शतकांतील खेडेगांवच्या नोंदींत. नॉर्फोक परगण्यांतील रॉबर्ट मार्शम नांवाच्या जमीनदारानें १७३६ पासून वसंताच्या खुणा टिपण्यास आरंभ केला: पहिली पाकोळी कधीं आली, बेडूक कधीं ओरडले, ओकच्या झाडास पालवी कधीं फुटली. त्याचा पत्रमित्र गिल्बर्ट व्हाइट हा सेल्बोर्न गांवीं १७६८ पासून मरेपर्यंत, म्हणजे १७९३ पर्यंत, निसर्गाची रोजनिशी लिहीत होता. त्याच्या बागेंत टिमथी नांवाचें एक कांसव होतें. हिवाळाभर तें जमिनींत गाडून घेई आणि वसंतांत बाहेर येई. त्याच्या येण्याजाण्याचीहि नोंद व्हाइट करी. टिमथी हें पुरुषाचें नांव, पण कांसवी मादी होती हें तिच्या मृत्यूनंतर कवचावरून उमगलें. ह्यास कोणी पोरखेळ म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. उष्णतामापक केवळ आंकडा सांगतो. जिवंत प्राण्यास ऋतु कधीं लागला हें कांसवच सांगूं शकतें.

ढगांना नांवें दिलीं तीं ल्यूक हॉवर्ड ह्या लंडनच्या औषधें बनविणाऱ्या व्यापाऱ्यानें, १८०२ च्या डिसेंबरांत एका लहानशा मंडळीपुढें निबंध वाचून. बटांसारखा तो सिरस, राशीसारखा क्युम्युलस, थरासारखा स्ट्रेटस, पाऊस देणारा निंबस. आपल्याकडील वळवाच्या ढगास वेधशाळेंत आज क्युम्युलोनिंबस म्हणतात, त्यांतील दोन्ही शब्द हॉवर्डच्याच यादींतले. शहराबाहेरील आपल्या नोंदी त्यानें लंडनमधील नोंदींशीं ताडून पाहिल्या, तेव्हां शहरांतील रात्र सरासरीनें ३.७ अंश फॅरनहाइटनें अधिक उष्ण असल्याचें त्यास आढळलें. दाट वस्तींत राहणाऱ्या मुंबईकरांस ह्यासाठीं पुराव्याची गरज नाहीं, पण प्रथम मोजून दाखविलें तें त्यानें.

इतकें लिहून ठेवलें, मग उद्यांची हवा कां सांगूं नये? हा प्रश्न हातीं घेतला रॉबर्ट फिट्झरॉय ह्यानें. डार्विनला घेऊन जाणाऱ्या बीगल जहाजाचा हा कप्तान १८५४ सालीं सरकारी हवामानखात्याचा प्रमुख झाला. १८५९ च्या ऑक्टोबरांत रॉयल चार्टर हें जहाज वादळांत फुटून चारशेंहून अधिक माणसें बुडालीं. तेव्हां ठिकठिकाणच्या नोंदी तारायंत्रानें एकत्र आणून त्यानें १८६१ मध्यें बंदरांना वादळाच्या सूचना देण्यास आरंभ केला, व त्याच वर्षीं ऑगस्टांत टाइम्स पत्रांत त्याचे रोजचे अंदाज येऊं लागले. हें भविष्य नव्हे, असें तो वारंवार सांगे. परंतु अंदाज चुकला कीं लोक हंसत, आणि शास्त्रज्ञहि त्यास जवळ करीनात. प्रकृति ढासळली, पैसा सरला, आणि १८६५ च्या ३० एप्रिल रोजीं त्यानें आपल्या हातानें आयुष्य संपविलें. पुढच्याच वर्षीं एका समितीनें त्याचें काम अशास्त्रीय ठरविलें. खलाशांच्या मागणीवरून वादळाच्या सूचना लौकरच परत आल्या. वर्तमानपत्रांतील रोजच्या अंदाजांस मात्र १८७९ साल उजाडावें लागलें. माझ्या मतें त्याच्यावर अन्याय झाला. बुडणारीं माणसें पाहून गप्प बसणें त्याला साधलें नाहीं, इतकाच त्याचा दोष.

जुन्या रोजनिश्यांचें चीज विसाव्या शतकांत झालें. गॉर्डन मॅनली ह्या भूगोलज्ञानें अशा विखुरलेल्या नोंदी एकमेकींशीं ताडून मध्य इंग्लंडच्या मासिक तपमानाची मालिका सिद्ध केली. १९५३ सालीं ती १६९८ पर्यंत मागें गेली होती, १९७४ सालीं १६५९ पर्यंत. पृथ्वी तापते आहे काय, ह्या प्रश्नाचा विचार करणारे आज ती उघडून बसतात.

आणि मार्शमचें काम? तो १७९७ सालीं वारला, पण त्याच्या वंशजांनीं, मधला कांहीं वर्षांचा खंड सोडल्यास, १९५८ पर्यंत त्याच खुणा टिपल्या. त्या नोंदी तपासतां वसंत उष्ण असला कीं ओकला पालवी लौकर फुटते, हें आतां स्पष्ट झालें आहे.