आसाच्या तड्यापासून चूर्ण-पोलादाच्या रंध्रापर्यंत : येडशीच्या लोहमार्गाच्या संदर्भात

धाराशिव जिल्ह्यातील येडशी हे गाव सामान्यतः रामलिंग मंदिर व तेथील अभयारण्य यांमुळे परिचित आहे. धातूच्या श्रांतीच्या इतिहासाकडे वळण्यास मात्र तेथून गेलेला बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी मार्ग अधिक उपयोगी आहे. बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी हा सुमारे २१ मैलांचा टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. पुढे येडशीवरून तो तडवळ्यापर्यंत व १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला. अभियंता एव्हरार्ड काल्थ्रॉप यांनी इंजिन असो वा वाघिणी, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यायचा नाही, असे ठरविले होते. रूळ हलके व स्वस्त असावेत, हा त्यामागील मुख्य हेतू होता.

आस फिरतो तेव्हा त्याच्या पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला व एकदा दाबला जातो. दोन फूट व्यासाचे चाक धरल्यास बार्शी रोड ते बार्शी या एका खेपेत हे सुमारे साडेसतरा हजार वेळा घडते. १८४२ मध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला. त्यानंतर रँकिन यांनी १८४३ मध्ये असे आस हळूहळू वाढणाऱ्या तड्यामुळे तुटतात, असे दाखविले. जर्मनीत व्होलर यांनी १८७० पर्यंत चालविलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, ठराविक मर्यादेखालचा ताण लोखंड दीर्घकाळ सोसते. युइंग व हम्फ्री यांनी १९०३ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिकांतील घसरपट्ट्यांतून तडा कसा जन्मतो, हे पाहिले.

चूर्ण धातुविज्ञानाने बनविलेल्या पोलादात मात्र तडा जन्मण्याची वाट पाहावीच लागत नाही. लोहचूर्ण साच्यात दाबून सुमारे ११२० अंश सेल्सिअसला भाजले (सिंटरिंग केले), की कण परस्परांना सांधले जातात. परंतु मधली रंध्रे राहतात. घन पोलादाची घनता सुमारे ७.८५ ग्रॅम प्रति घनसेंमी. नेहमीच्या सिंटर केलेल्या भागांची ६.८ ते ७.२. म्हणजे दहावा हिस्सा पोकळीच. पृष्ठभागालगतच्या मोठ्या, वेड्यावाकड्या रंध्रापाशी ताण एकवटतो, कणांमधील अरुंद सांधे एकेक करून फाटतात आणि असे अनेक सूक्ष्म तडे रंध्रांमागून रंध्रे जोडत एक होतात. म्हणूनच प्रमाणपत्रावरील सरासरी घनतेवर विसंबणे, प्रस्तुत लेखकाच्या मते, धोक्याचे आहे. तुटण्याचा निर्णय सरासरी रंध्र करीत नाही. सर्वांत वाईट रंध्रपुंज करतो. पृष्ठभाग रोलरने दाबून दाट करण्याची वा त्यावर छर्रे मारण्याची पद्धत यासाठीच आली.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. पिंपरी येथे महिंद्रा सिंटर्ड प्रॉडक्ट्स या कारखान्याने (पुढे तो जीकेएन समूहात गेला) वाहन-उद्योगासाठी असे भाग तयार केले. दातेरी चाकासारखा भाग हा आसाप्रमाणेच कोट्यवधी आवर्तनांचा धनी असतो.

लातूर-कुर्डुवाडी मार्गाचे रुंदीकरण २००७-०८ मध्ये झाले व अडीच फुटी रूळ इतिहासजमा झाले. पूर्वी चाकावर हातोडी मारून, आवाज बद्द आला की तडा ओळखीत. सिंटर केलेले भागही आज कंपनांच्या स्वरावरून तपासले जातात. मात्र घनता किंचित बदलली तरी स्वर बदलतो, आणि लहान तडा त्यात सहज लपतो.