हरणाच्या शिकारीसाठी गोळीची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

आघाताबरोबर पसरणारी गोळी युद्धात क्रूर ठरली, तर हरणाच्या शिकारीत तीच कायद्याने अनिवार्य झाली. या वरकरणी विसंगतीचा विचार प्रस्तुत लेखात ब्रिटनच्या संदर्भात केला आहे.

दमदम ते हेग

धूरविरहित दारूच्या शोधानंतर रायफलची गोळी लहान व वेगवान झाली. पूर्ण धातूवेष्टित .३०३ गोळी शरीरातून आरपार जाते, परंतु शत्रूला थोपवत नाही, अशी तक्रार १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर पुढे आली. त्यावर उपाय म्हणून कलकत्त्याजवळील दमदम येथील कारखान्यात टोक उघडे असलेली, पसरणारी गोळी तयार झाली. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने अशा गोळ्यांचा युद्धातील वापर निषिद्ध ठरवला. ब्रिटनने त्यास १९०७ मध्ये मान्यता दिली.

१९६३ चा हरीण कायदा

इंग्लंड व वेल्ससाठीच्या या कायद्याने .२४० इंचापेक्षा कमी व्यासाची किंवा नळीच्या तोंडाशी १७०० फूट-पौंडांहून कमी ऊर्जा देणारी रायफल हरणासाठी वर्ज्य केली. गोळी मऊ किंवा पोकळ टोकाचीच असावी, असेही बंधन घातले. वेष्टित गोळी आरपार गेल्यास जखमी हरीण दूर पळते व दीर्घकाळ तडफडते; पसरणारी गोळी हृदय किंवा फुप्फुसे भेदून त्वरित मृत्यू आणते. १९९१ च्या कायद्यातही हे तत्त्व कायम राहिले.

अंतराचा प्रश्न

कायदा ऊर्जा मोजतो ती नळीच्या तोंडाशी. हरीण मात्र शंभर-दोनशे यार्डांवर उभे असते. हवेच्या विरोधामुळे गोळीचा वेग घटत जातो. बोथट गोळीचा अधिक, टोकदार गोळीचा कमी. जवळून झाडलेली पातळ वेष्टनाची वेगवान गोळी वरवरच फुटू शकते. उलट फार दूरवर वेग मंदावल्याने पसरणारी गोळीही न पसरता वेष्टित गोळीप्रमाणेच आरपार जाते. पहिल्या दोषावर उपाय म्हणून अमेरिकेत जॉन नॉस्लर यांनी १९४० च्या दशकात मधोमध आडपडदा असलेली गोळी सिद्ध केली. तिचा पुढील भाग पसरतो, मागील भाग अभंग राहून खोल जातो. दुसऱ्या दोषावर मात्र अंतर मर्यादित ठेवणे हाच खात्रीचा उपाय राहतो.

निष्कर्ष

जखमी सैनिकावर उपचार होऊ शकतात, जखमी हरणावर नाही. म्हणून एकाच्या बाबतीत दया म्हणजे जीव वाचण्याची शक्यता राखणे, तर दुसऱ्याच्या बाबतीत मृत्यू लांबू न देणे. दोन्ही नियमांमागील हेतू एकच, अनावश्यक यातना टाळण्याचा आहे. तथापि कायदा केवळ किमान मर्यादा आखतो. अंतर जोखून चाप न ओढण्याचा निर्णय शिकाऱ्याच्या विवेकावरच सोडलेला आहे.