पिंपरीच्या मातीत सापडलेलं औषध

मृगाच्या पहिल्या पावसात धाराशिवकडच्या काळ्या रानातून जो वास येतो, त्यामागे मुख्यतः जिओस्मिन नावाचं रसायन असतं. ते बनवतात मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू. आता गंमत बघा, याच गटातले जिवाणू दुसऱ्या जिवाणूंना मारणारी रसायनंही तयार करतात. आपली बरीचशी प्रतिजैविकं म्हणजे अँटिबायोटिक्स इथूनच आली.

1943 मध्ये अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना अशाच एका जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. क्षयरोगावर लागू पडणारं ते पहिलं प्रतिजैविक. त्याआधी 1928 मध्ये फ्लेमिंग यांना बुरशीत पेनिसिलीन सापडलं होतं.

पण शोध लागला म्हणून औषध लगेच आपल्या दवाखान्यात पोचत नाही. स्वातंत्र्यानंतरही भारत पेनिसिलीनसाठी परदेशावर अवलंबून होता. मग युनिसेफची यंत्रसामग्री आणि जागतिक आरोग्य संघटनेची तांत्रिक मदत घेऊन पुण्याजवळ पिंपरीत सरकारी कारखाना उभा राहिला. 1954 मध्ये 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' ही कंपनी स्थापन झाली आणि 1955 मध्ये तिथे पेनिसिलीन बनू लागलं.

या कारखान्याने नुसतं उत्पादन केलं नाही, संशोधनही केलं. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतल्या एका जिवाणूपासून नवं औषध वेगळं केलं आणि 1961 मध्ये ते जाहीर केलं. जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना, औषधाचं नाव हॅमायसिन. त्यातलं 'हॅ' कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलंय.

मात्र हॅमायसिन जिवाणूंना मारत नाही, बुरशीला मारतं. असं का? बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल असतं. हे औषध त्यालाच चिकटतं आणि पटल गळकं होतं. जिवाणूंमध्ये अर्गोस्टेरॉल नसतं, त्यामुळे ते वाचतात. पेनिसिलीनचं याच्या उलट. ते जिवाणूंची पेशीभित्तिका नीट बांधू देत नाही, आणि बुरशीची भित्तिका वेगळ्या द्रव्यांची असल्याने बुरशीला काही होत नाही. म्हणूनच नायट्यावर पेनिसिलीन घेऊन उपयोग नाही, आणि साध्या सर्दीवरही नाही, कारण ती विषाणूंमुळे होते. उलट विनाकारण घेतलं, की औषधाला न जुमानणारे जिवाणू तेवढे मागे उरतात.

पुढे स्वस्त आयातीपुढे पिंपरीचा कारखाना टिकाव धरू शकला नाही आणि पेनिसिलीनच्या कच्च्या मालासाठी आपण पुन्हा बाहेर बघू लागलो. पिंपरीचा इतिहास मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. औषध आपल्या मातीत असलं तरी ते शोधणारी प्रयोगशाळा आणि बनवणारा कारखाना, दोन्ही जपावे लागतात.