दगडातले दागिने

दिवाळीत घरोघर दागिन्यांचे डबे उघडतात. मोहनमाळ, तोडे पुसताना एखाद्या जुन्या घरात नागवाकी वा मासोळ्याही हाती लागतात. दंडाला नाग आणि पायाच्या बोटांत मासळी! ज्या नागाला पाहून अंगावर काटा यावा, त्यालाच अंगावर मिरवायचे, या रीतीचा अर्थ काय?

तो शोधायला बुलढाणा जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठी, मेहकरला जावे. येथे १८८८ साली जमिनीतून शार्ङ्गधर बालाजीची मूर्ती निघाली. काळ्या पाषाणाची, सुमारे ११ फूट उंचीची. तिच्या अंगावरचे अलंकार त्याच शिळेतून कोरलेले. सोनाराची हातोडी येथे लागली नाही. शिल्पकाराची छिन्नीच सोनाराच्या हाताने चालली आहे.

विष्णूच्या कानी मकरकुंडले असावीत, हा आपल्या मूर्तिकारांचा जुना संकेत. मकर म्हणजे नुसती सुसर नव्हे. थोडी सुसर, थोडा मासा, थोडा हत्ती असा तो कल्पनेतला जलचर; गंगेचे आणि वरुणाचे वाहन. ज्या पाण्यावर शेत पिकते, तेच पाणी माणसाला गिळतेही. मकर ही त्या दोन्हींची खूण.

देवांच्या बाजूबंदांवर आणि कमरपट्ट्यांवर असेच कीर्तिमुख कोरीत. त्याची कथा मोठी गमतीची. राहूला खाण्यासाठी शंकराने एक भुकेला गण निर्माण केला; राहू शरण आला, तेव्हा देवाने गणाला स्वतःलाच खाण्यास सांगितले. त्याने सारे अंग खाल्ले, उरले फक्त तोंड. प्रसन्न होऊन शंकराने त्याला कीर्तिमुख म्हटले आणि आपल्या दाराशी रक्षक नेमले. भक्षकच रक्षक झाला!

सातासमुद्रापलीकडे, मेक्सिकोच्या आखाताकाठी, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी ओल्मेक लोक हिरव्या जेड दगडाच्या अलंकारांवर जग्वार या रानटी श्वापदाचा चेहरा कोरीत. त्यांचा आपला संबंध नव्हता. पण भ्यायचे ज्याला, त्यालाच गळ्यात घालून आपलेसे करायचे, ही माणसाची युक्ती दोन्हीकडे सारखीच दिसते.

आमच्या आजीची नागवाकी मोडून बांगड्या झाल्या. सोने घरातच राहिले, नाग मात्र गेला. दगड असा मोडीत निघत नाही, म्हणून मूर्तींच्या अंगावर हा वारसा टिकला. यंदा डबा उघडाल तेव्हा मोडीचा भाव विचारण्याआधी मुलांना त्या मासोळीची गोष्ट सांगा. वजन काट्यावर कळते. अर्थ मात्र सांगावाच लागतो.