ट्रुमन समिती : युद्धकालीन लष्करी कंत्राटांवरील संसदीय नियंत्रणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
युद्धकाळात शासनाचा खर्च अनेक पटींनी वाढतो आणि त्याच काळात त्या खर्चाचा हिशेब मागणे राष्ट्रहितविरोधी मानले जाते. त्यामुळे लष्करी साहित्याच्या कंत्राटांतील उधळपट्टी बहुधा युद्ध संपल्यावर, म्हणजे पैसा वसूल होण्याची शक्यता संपल्यावर उघडकीस येते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सिनेटने नेमलेली ट्रुमन समिती हा या प्रघाताला एक महत्त्वाचा अपवाद होय. या समितीचे यश व तिच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
१९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाल्यानंतर अमेरिकेने प्रचंड प्रमाणावर युद्धसिद्धता सुरू केली. छावण्या, कारखाने व जहाजे यांची अनेक कामे 'खर्च अधिक निश्चित मोबदला' या पद्धतीने देण्यात आली. कंत्राटदाराचा सर्व खर्च शासन भरून देई आणि त्याशिवाय ठरलेला मोबदला देई. साहजिकच खर्च आटोक्यात ठेवण्याचे कोणतेही कारण कंत्राटदाराजवळ उरत नसे. मिसुरी राज्याचे सिनेटर हॅरी ट्रुमन यांनी १९४१ च्या प्रारंभी स्वतः मोटारीने फिरून छावण्यांच्या बांधकामांची पाहणी केली व हा प्रश्न सिनेटपुढे मांडला. १ मार्च १९४१ रोजी विशेष चौकशी समिती स्थापन झाली. अब्जावधी डॉलरच्या खर्चावर देखरेख करणाऱ्या या समितीला प्रारंभी मिळाले केवळ १५,००० डॉलर.

समितीचे कार्य :
समितीने प्रथम छावण्यांचे बांधकाम तपासले. त्यात १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम वाया गेल्याचा निष्कर्ष तिने काढला. पुढे डिसेंबर १९४१ मध्ये हे काम क्वार्टरमास्टर विभागाकडून काढून लष्कराच्या इंजिनिअर विभागाकडे सोपविण्यात आले. रणगाडे किनाऱ्यावर उतरविणाऱ्या नौकांच्या बाबतीत नौदलाचा संबंधित विभाग स्वतःच्याच आराखड्याचा आग्रह धरून होता. समितीच्या दबावामुळे १९४२ मध्ये तुलनात्मक चाचणी झाली आणि न्यू ऑर्लिन्सच्या हिगिन्स यांची नौका सरस ठरली.

१९४३ मधील चौकशा अधिक गंभीर होत्या. ओहायोतील लॉकलंड येथील राइट कंपनीच्या कारखान्यात विमानांची सदोष इंजिने तपासणीत उत्तीर्ण ठरविली जात असल्याचे समितीने उघड केले. तसेच कार्नेगी-इलिनॉय कंपनीच्या एका कारखान्यात पोलादी पत्र्यांच्या चाचण्यांचे आकडे खोटे नोंदविले जात होते. येथे प्रश्न केवळ पैशाचा नव्हता. वैमानिकांच्या व खलाशांच्या प्राणांचा होता.

कार्यपद्धती व मर्यादा :
अमेरिकन यादवी युद्धाच्या वेळी काँग्रेसच्या समितीने सेनापतींच्या डावपेचांत केलेल्या हस्तक्षेपाचा अनुभव ट्रुमन यांनी लक्षात ठेवला होता. त्यामुळे रणनीती हा विषय त्यांनी कटाक्षाने वर्ज्य मानला. ट्रुमन यांच्या अध्यक्षतेखालील सर्व अहवाल दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी एकमताने संमत केले. समितीची विश्वासार्हता यातूनच निर्माण झाली.

तथापि समितीजवळ आदेश देण्याचा अधिकार नव्हता. कॅनडातील कॅनॉल तेलवाहिनीवर तिने १९४३ मध्ये कठोर टीका केली. तरीही लष्कराने काम रेटून पूर्ण केले आणि सुमारे १३.४ कोटी डॉलर खर्चून उभारलेला हा प्रकल्प १९४५ मध्ये बंद पडला. दुसरी मर्यादा गुप्ततेची होती. जून १९४३ मध्ये युद्धमंत्री स्टिमसन यांच्या विनंतीवरून ट्रुमन यांनी एका गुप्त प्रकल्पाची चौकशी थांबविली. तो अणुबॉम्बचा प्रकल्प होता, हे त्यांना सविस्तर कळले ते एप्रिल १९४५ मध्ये अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेतल्यावर. समितीमुळे १० ते १५ अब्ज डॉलर वाचले, असे सांगितले जाते; परंतु न झालेल्या खर्चाचे मोजमाप काटेकोरपणे करता येत नाही. तिचे खरे मोल या आकड्यापेक्षा तिने निर्माण केलेल्या वचकात शोधावे लागते.

भारतीय संदर्भ :
स्वतंत्र भारतातील जीप खरेदी प्रकरण या संदर्भात उद्बोधक ठरते. काश्मीर युद्धाच्या काळात, १९४८ मध्ये, लंडनमधील उच्चायुक्त कृष्ण मेनन यांच्यामार्फत जुन्या जीपगाड्यांचा करार झाला. आलेल्या १५५ गाड्या वापरण्यायोग्य नव्हत्या. लोकलेखा समितीने या व्यवहारावर ताशेरे ओढले. परंतु १९५५ मध्ये शासनाने हे प्रकरण संपल्याचे जाहीर केले. येथे संसदीय तपासणी झाली, पण ती रक्कम दिल्यानंतर आणि युद्ध थांबल्यानंतर.

निष्कर्ष :
१) लष्करी खर्चातील अपव्ययाचे मूळ व्यक्तींच्या अप्रामाणिकपणाइतकेच कंत्राटाच्या स्वरूपातही असते.
२) खर्च होत असतानाच केलेली तपासणी दोष सुधारू शकते, नंतरची तपासणी बहुधा दोषांची केवळ नोंद करते.
३) रणनीतीपासून अलिप्तता व पक्षनिरपेक्षता यांमुळे युद्धकाळातही संसदीय नियंत्रण शक्य होते. मात्र शासनाने गुप्ततेचे कारण पुढे केले की हे नियंत्रण थांबते. गुप्तता कोठे आवश्यक आहे आणि कोठे ती केवळ सोयीची आहे, हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न ट्रुमन समितीलाही सोडविता आला नाही.