उत्तर कॅनडाच्या प्रशासनाची दप्तरे
कॅनडाच्या वायव्य प्रदेशांचा कारभार १९६७ साली राजधानी यलोनाइफला जाईपर्यंत दूरच्या ओटावातून चाले. म्हणूनच तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या या दप्तरांत प्रदेशापेक्षा प्रशासनाची नजर अधिक दिसते. १९४० च्या दशकापासून तर इनुइट माणसांची ओळखही बिल्ल्यावरच्या क्रमांकाने नोंदली जाई. १९५३ साली इनुकजुआकची काही कुटुंबे सुमारे २,००० किलोमीटर उत्तरेला, रेझोल्यूट व ग्रीस फ्योर्ड इथे हलवली गेली. शिकारीची टंचाई हे त्याचे सरकारी कारण. या स्थलांतराची तपासणी करणाऱ्या १९९० च्या हिकलिंग अहवालाने सरकारला दोषमुक्त केले. १९९४ मध्ये मूळनिवासींविषयीच्या शाही आयोगाने मात्र विस्थापितांच्या साक्षींसह कागद तपासून नेमका उलटा निष्कर्ष काढला. चाळीस वर्षांनंतरची आठवण कागदाइतकी भरवशाची नसते, हा आक्षेप वरकरणी रास्त वाटतो. पण मूळ वाद कुटुंबांनी स्थलांतराला संमती दिली होती का, हा; आणि इथे संमती मागणारा, ती नोंदवणारा आणि तिचा अर्थ लावणारा पक्ष एकच होता. ज्याच्या संमतीचा प्रश्न, त्याची लेखणी फायलीत जवळजवळ नाहीच. मग दप्तरे निरुपयोगी ठरतात का? मुळीच नाही. अधिकाऱ्यांचे हेतू आणि त्यांची गृहीतके तपासायला याहून चांगले साधन नाही. फक्त स्थलांतरितांनी काय सोसले, याचा निवाडा एकट्या दप्तरांवर सोपवता येत नाही. सरकारने औपचारिक माफी मागितली ती २०१० मध्ये.