पंच व्हायला मुरलेला खेळाडू पुरतो?

कतारमध्ये क्यू खेळांना चांगला आश्रय आहे. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणीनं बिलियर्ड्सचं सुवर्णपदक पटकावलं. पुढे २०१० ते २०१९ या काळात नाइन-बॉल पूलची जागतिक स्पर्धा दोह्यातच भरत राहिली. तेव्हा दोह्याच्या उत्तरेला, समैस्मासारख्या किनाऱ्यावरच्या जुन्या कोळीगावात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या गप्पांतही पूल निघतो, यात नवल नाही. त्या गप्पांतलं एक मत मात्र मला मुळीच पटत नाही: ‘पंचाला कसली परीक्षा? वीस वर्षं टेबलावर घालवलेला गडी उभा करा, झालं.’

पूर्वपक्ष दुबळा करून मांडू नये. मुरलेल्या खेळाडूला कोन कळतात, लबाड्या कळतात. नियमपुस्तक घोकून लेखी परीक्षा कोणीही पास होतो. शिवाय हल्ली कॅमेरे आहेत. वर दाखला दिला जातो मायकेला टॅबचा: पूलमधून आलेल्या या बाईंनी २००९ मध्ये जागतिक स्नूकर स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पंचगिरी केली.

टॅबचा दाखला उलट माझ्याच कामी येतो. स्नूकरकडे वळण्याआधी त्या पूलच्या सामन्यांत पंचच होत्या. कॅमेऱ्यांचं म्हणाल तर मोठ्या स्पर्धेत एकाच वेळी अनेक टेबलांवर सामने चालतात, प्रक्षेपण एखाद-दुसऱ्याचं. बाकीच्या ठिकाणी खेळाडूनं हात वर करून फिरत्या पंचाला बोलवायचं आणि तो येईपर्यंत फटका थांबवायचा.

खरा मुद्दा नजरेचा आहे. खेळाडू क्यूच्या मागे उभा राहतो, नेमाच्या रेषेत पाहतो, आणि फटका मारला की त्याची नजर चेंडूबरोबर पॉकेटकडे जाते. पंचानं त्या रेषेला आडवं उभं राहायचं असतं आणि चेंडू गेला तरी नजर टकरीच्या जागेवरून हलवायची नसते. वर्षानुवर्षं मुरलेली सवय इथे अडथळाच ठरते.

पांढरा चेंडू आणि समोरचा चेंडू यांत केसाएवढी फट आहे असं धरा. क्यूचं टोक पांढऱ्याला दोनदा लागलं तर फाउल, पण ते लागताना डोळ्याला दिसत नाही. धुरावरून अग्नी ओळखावा तसं अनुमान करावं लागतं: सरळ टक्कर झाल्यावर पांढरा थबकायला हवा, तो पुढच्याच्या पाठोपाठ तशाच वेगानं धावला तर टोक दुसऱ्यांदा लागलं. पण दोन्ही चेंडू चिकटलेले असतील तर तसा फटका नियमात बसतो. म्हणून ते चिकटलेले आहेत की नाहीत, हे पंचानं आधीच वाकून पाहून जाहीर करायचं. फटका झाल्यावर ते ठरवायला काही उरत नाही.

आणि जिभेचं काय? ‘चेंडू चिकटलाय का?’ या प्रश्नाला पंचानं उत्तर द्यायचं. ‘इथून लागेल का?’ याला नाही. जन्मभर शेजाऱ्याला सल्ले दिलेल्या माणसाला हे सोपं जात नाही. नाइन-बॉलमध्ये लागोपाठ तीन फाउल झाले की डाव जातो. पण खेळाडू दोन फाउलांवर असताना पंचानं तशी सूचना दिली नाही, तर तिसरा फाउल दुसराच धरला जातो. पंच एक वाक्य विसरला, तर हातात आलेला डाव प्रतिस्पर्ध्याच्या हातून निसटतो. हे भान वीस वर्षं खेळून येतंच असं नाही.

पूर्वपक्षाची एक गोष्ट मात्र मान्य: नुसती लेखी परीक्षा कुचकामी. कायद्याचे कागद पाठ असलेले, पण टेबलाशी गोंधळणारे पंच असतात. त्यावर उपाय परीक्षा काढून टाकणं नव्हे. परीक्षकानं चेंडू अडचणीत मांडावेत, फटके मारावेत, निर्णय तत्क्षणी मागावा आणि मग कारण विचारावं. पांढरा चेंडू योग्य नि अयोग्य चेंडूंना एकदमच लागल्यासारखा वाटला, आधी कुठला ते सांगता आलं नाही, तर नियम फटका मारणाऱ्याच्या बाजूनं झुकतो. उमेदवाराला निर्णय ठामपणे तसा देता येतो का, की तो प्रेक्षकांच्या तोंडाकडे पाहतो, हे कागदावर कधीच कळणार नाही. या परीक्षेला वीस वर्षं खेळलेल्यांनीही जरूर बसावं. त्यांतले काही पहिल्याच फेरीत पास होतील.